पंधराव्या वित्ताचा पैसा

गावातले नवे गटार, शाळेची पाण्याची टाकी किंवा घंटागाडी कुठून आली असे विचारले की ग्रामसेवकाचे उत्तर बहुधा ठरलेले असते : 'पंधराव्या वित्तातून.' एन. के. सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक स्वराज्य संस्थांना ४,३६,३६१ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यांतले २,३६,८०५ कोटी ग्रामीण संस्थांचे, १,२१,०५५ कोटी शहरी संस्थांचे, तर उरलेल्यातला मोठा वाटा आरोग्यसेवेचा.

एवढा पैसा दिल्लीहून गावात येईल, हे मूळ राज्यघटनेत कुठेच नव्हते. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या आणि अनुच्छेद २८० मधल्या वित्त आयोगाच्या कामांत पंचायती व नगरपालिकांची भर पडली. दहाव्या आयोगाने १९७१ च्या ग्रामीण लोकसंख्येमागे माणशी १०० रुपये धरून सुरुवात केली. अकराव्याने १०,००० कोटी दिले, बाराव्याने २५,००० कोटी. विजय केळकरांच्या तेराव्या आयोगाने ठोक रकमेची पद्धत मोडून अनुदानाची सांगड केंद्राच्या करउत्पन्नाशी घातली आणि आकडा ८७,५१९ कोटींवर गेला. चौदाव्याने तो २,८७,४३६ कोटींवर नेला. मात्र ग्रामीण भागाचा सगळा पैसा ग्रामपंचायतींना दिला. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कोरड्या राहिल्या. पंधराव्याने त्यांना पुन्हा पंगतीत घेतले. महाराष्ट्रात ही वाटणी ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १० आणि जिल्हा परिषद १० टक्के अशी ठरली.

पंधराव्या आयोगाच्या नियमांत राज्याराज्यांतली वाटणी करताना लोकसंख्येला ९० टक्के व क्षेत्रफळाला १० टक्के वजन आहे. रक्कम आधी राज्याच्या तिजोरीत येते. कामाच्या दहा दिवसांत ती खाली पोचवली नाही, तर राज्याला व्याजासह द्यावी लागते. ग्रामपंचायतीच्या खात्यात आल्यावर तिचे दोन भाग होतात. ६० टक्के बंधित : निम्मे पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. ४० टक्के अबंधित : गावाच्या गरजेनुसार, पण पगार आणि आस्थापनेवर खर्च करायचा नाही. आराखडा ग्रामसभेत मंजूर करून 'ई-ग्रामस्वराज' या पोर्टलवर चढवायचा आणि सरपंच-ग्रामसेवकांच्या डिजिटल सह्यांनी ठेकेदाराचे देयक अदा करायचे. चेकबुकाच्या काळापेक्षा हा व्यवहार पारदर्शक आहे, यात शंका नाही.

पण अटींची दुसरी बाजूही आहे. लोकांनी निवडलेले सदस्य मंडळ नसेल, तर हे अनुदान मिळत नाही. महाराष्ट्रात ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि २०२२ पासून महापालिका, जिल्हा परिषदा एकामागून एक प्रशासकांच्या हाती गेल्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका चार महिन्यांत घ्यायला सांगावे लागले. ती मुदतही पाळली गेली नाही. निवडणूक लांबवण्यात नागरिकांचा काहीच हात नव्हता, अनुदानाची टांगती तलवार मात्र त्यांच्याच नळावर आणि रस्त्यावर.

अनुदान वाढत गेले त्याच काळात स्वतःच्या कमाईचे मार्ग आटत गेले. महापालिकांची जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) १ ऑगस्ट २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरली. महापालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न संपले आणि त्याबदली राज्याकडून वार्षिक ८ टक्के वाढीने भरपाई सुरू झाली. खुद्द केंद्रही शहरात मालमत्ता बाळगून कर भरत नाही. अनुच्छेद २८५ ने तिला सूट आहे. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९ मध्ये तोडगा निघाला, तो सेवाशुल्काचा : मिळणाऱ्या सुविधांप्रमाणे मालमत्ता कराच्या ७५, ५० किंवा ३३.३३ टक्के. पंचायतींची स्थिती आणखी बिकट. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्यांच्या महसुलात दर रुपयामागे सुमारे ९५ पैसे अनुदानाचे असतात.

दोष फक्त दिल्लीला देऊन भागत नाही. घरपट्टी वाढवायची म्हटले की सरपंचाला पुढची निवडणूक दिसते आणि नगरसेवकाला आपला प्रभाग. राज्य सरकारांनी अनुच्छेद २४३-आय प्रमाणे दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायचा, त्याच्या शिफारशी विधिमंडळात मांडायच्या. अनेक राज्यांनी यात इतकी चालढकल केली, की पंधराव्या आयोगाला मार्च २०२४ नंतर त्यावर अनुदानाची अट घालावी लागली. खरी कोंडी इथे आहे. केंद्राचा पैसा हा राज्याच्या वाट्याला पूरक म्हणून घटनेत आला. राज्याने हात आखडता घेतला आणि पूरकाचेच मुख्य झाले. ज्याचा पैसा त्याची अट, आणि मग ग्रामसभेने ठरवायचे ते वरून ठरून येते.

अरविंद पानगढिया यांच्या सोळाव्या आयोगाचा कालखंड २०२६ ते २०३१ असा आहे. आकडा मोठा झाला तरी गावाचा अधिकार आपोआप मोठा होणार नाही. तेव्हा वाचकहो, येत्या ग्रामसभेला जा. आराखड्यातली कामे आणि 'ई-ग्रामस्वराज'वरची देयके शेजारी ठेवून वाचा. आपली घरपट्टी वेळेवर भरा आणि आपल्या आमदाराला राज्य वित्त आयोगाच्या अहवालाचे काय झाले, ते विचारा.