कीटकनाशके आणि कर्करोग : त्रिकोण काय सांगत नाही

कीटकनाशकाच्या डब्यावर तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. वाडीत भाजीपाला व फुले पिकविणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील बागायतदारांना तो परिचित आहे. हिरवा त्रिकोण म्हणजे निरुपद्रवी औषध, असा समज त्यामुळे सहज होतो. वस्तुतः ते द्रव्य तत्काळ विषबाधा किती करील, एवढेच हे रंग दर्शवितात. वीस वर्षांनंतर उद्भवणाऱ्या व्याधीविषयी ते काहीही सांगत नाहीत.

हे दोन धोके आपण वेगळे ओळखले पाहिजेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तो तत्काळ विषबाधेचा प्रकार होता. कर्करोगाचे कारण मात्र इतक्या स्पष्टपणे दाखविता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन हे माणसांत कर्करोग निर्माण करणारे द्रव्य ठरविले. मॅलाथिऑन, डायझिनॉन, डीडीटी व ग्लायफोसेट यांना तिने 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातले. यांतील मॅलाथिऑन डासांसाठीच्या धुरळणीतही वापरले जाते. हे वर्ग पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात. धोका किती मोठा आहे ते नव्हे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा भेद हमखास हरवतो.

ग्लायफोसेटविषयी तर मतभेद आहेतच. अमेरिकेतील आयोवा व नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत १९९३ साली फवारणीचा परवाना असलेल्या ५० हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी सुरू झाली. तिच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ग्लायफोसेटचा कर्करोगाच्या एकूण प्रमाणाशी संबंध आढळला नाही. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग मात्र या लोकांत सर्वसामान्यांपेक्षा अधिक आढळलेला आहे.

भाजी धुऊन खावी, हा सल्ला योग्यच आहे. परंतु खाणाऱ्याच्या वाट्याला उरलासुरला अंश येतो आणि पाठीवर पंप घेणाऱ्याच्या वाट्याला मूळ द्रव्य. ते बहुतांशी त्वचेवाटे शरीरात शिरते, विशेषतः औषध पाण्यात कालवताना. नाकाला बांधलेला रुमाल तेथे निरुपयोगी ठरतो. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व बूट हवेत. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. ते धुणाऱ्या गृहिणीच्या हातांनाही हेच द्रव्य लागते. अमेरिकेतील त्या पाहणीत शेतकऱ्यांच्या पत्नींनाही सामील करून घेतले होते, ते उगाच नव्हे.