अचानक मिळालेली सुट्टी आणि पायी बडोदा

नोकरीनिमित्त बडोद्यात नुकत्याच आलेल्या मित्राला परवा अचानक सुट्टी मिळाली. "इथे एवढी मराठी घरं कशी रे?" हा त्याचा नेहमीचा प्रश्न. म्हटलं, चल, पायीच दाखवतो.

सुरुवात रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यापासून केली. गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा. भिंतींवर महाभारत, कृष्णलीला, इंग्रज-मराठा लढाईचीही चित्रं. तिथून सूरसागर, न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजा करत मांडवी. पुढे सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेलं मध्यवर्ती ग्रंथालय.

नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक आला आणि सयाजीराव झाला. १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. गायकवाडांच्या पदरी कारकून, शिक्षक, शिपाई म्हणून आलेली आपली घरं इथलीच झाली. मित्राला उत्तर मिळालं.

मग त्याने विचारलं, "तुझ्या मुलांनी पाहिलाय हा वाडा?" मी गप्प. इतकी वर्षं इथे राहून मीही आत पहिल्यांदाच गेलो होतो.

आपणही एखादी सुट्टी अशी काढा. वाडा व ग्रंथालय कधी उघडं असतं ते आधी विचारून घ्या, आणि मुलांना बरोबर न्या.