गिऱ्हाईक नसलेला बाजार

३१ डिसेंबरला टोकियोतली घरं साफसफाईत गुंतलेली असतात. नवं वर्ष लागण्याआधी घर लख्ख करायचं, रात्री सोबा नावाच्या शेवया खायच्या आणि टीव्हीवर गाण्यांचा मोठा कार्यक्रम बघत बसायचं, अशी तिथली रीत. २०१९ साली त्या दिवशी खाडीकडे जाणाऱ्या रिंकाई लाइनच्या पहाटेच्या गाड्या मात्र खच्चून भरल्या होत्या. पाठीवर जवळजवळ रिकाम्या सॅक, खिशात सुट्ट्या पैशांची पाकिटं, हातात खुणा केलेले नकाशे. सगळ्यांना उतरायचं होतं ‘टोकियो बिग साइट’ या प्रदर्शन संकुलापाशी. तिथे कॉमिक मार्केटचा, म्हणजे जपानी माणसाच्या तोंडी ‘कोमिके’चा, चौथा आणि शेवटचा दिवस होता.

कोमिके वर्षातून दोनदा भरतं, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरअखेरीस. स्वतःच्या खर्चाने छापलेल्या पुस्तकांचा एवढा मोठा मेळा जगात दुसरा नाही. या पुस्तकांना दोजिन्शी म्हणतात. त्यांत चित्रकथा जास्त. पण कादंबऱ्या, गाण्यांच्या सीडी, संगणकावरचे खेळ, फोटोंची पुस्तकं असं बरंच काही असतं. आपल्याकडे लिहिणाऱ्यांचं आणि वाचणाऱ्यांचं वर्ष जसं दिवाळी अंकांभोवती फिरतं, तसं तिथल्या हौशी चित्रकार-लेखकांचं वर्ष या दोन मेळ्यांभोवती फिरतं. मजकूर वेळेत संपवायचा, छापखान्याची तारीख गाठायची आणि नवं पुस्तक टेबलावर मांडायचं.

याची सुरुवात एका भांडणातून झाली. १९७५ साली मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, चाहत्यांच्या एका मोठ्या संमेलनावर एका वाचक स्त्रीने टीका केली, म्हणून तिला प्रवेश नाकारण्यात आला. ‘मेइक्यू’ या समीक्षक मंडळींच्या गटाला ते पटलं नाही. कोणालाही दार बंद न करणारी जागा आपणच उभी करायची, असं त्यांनी ठरवलं. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोतल्या तोरानोमोन भागातल्या एका सभागृहात पहिलं कोमिके भरलं. ३२ गटांनी आपली पुस्तकं मांडली आणि सुमारे ७०० जण आले. त्यांतल्या बहुतेक शाळकरी मुली होत्या, मुलींसाठीच्या चित्रकथांच्या वेड्या वाचक. आज या मेळ्याचं नाव निघालं की डोळ्यांपुढे तरुण मुलग्यांची गर्दी येते. सुरुवात कोणी केली हे म्हणूनच आवर्जून सांगायला हवं.

संस्थापकांपैकी योशिहिरो योनेझावा यांनी १९८० ते २००६ या काळात, म्हणजे आयुष्याच्या अखेरीपर्यंत, कोमिकेची धुरा वाहिली. एक तत्त्व त्यांच्या आधीपासून चालत आलं होतं आणि आजही ते पाळलं जातं: इथे गिऱ्हाईक कोणीच नाही. पुस्तक मांडणारा सहभागी, विकत घेणारा सहभागी आणि रांगा लावून देणारा स्वयंसेवकही सहभागीच. अशा बिनपगारी स्वयंसेवकांची संख्या ३ हजारांच्या घरात असते. हे तत्त्व नुसतं कागदावर आहे की खरोखर पाळलं जातं, ते शेवटच्या दिवशी कळतं.

२०१९च्या हिवाळ्यात जागेची ओढाताण होती. ऑलिंपिकच्या तयारीसाठी बिग साइटची पूर्वेकडची दालनं गेलेली. म्हणून मेळा पश्चिम आणि दक्षिण दालनांत हलवला, कंपन्यांचे स्टॉल जवळच्या आओमी केंद्रात नेले आणि नेहमीच्या तीन दिवसांचे चार केले. चार दिवसांत मिळून ७ लाख ५० हजार माणसं आली. हा आजवरचा उच्चांक आहे.

दालनात शिरल्यावर टेबलांच्या रांगाच रांगा दिसतात. गट असो की एकटा माणूस, तिथे त्याला ‘सर्कल’च म्हणतात आणि प्रत्येक सर्कलला अर्धं टेबल मिळतं. ९० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर खोल, मागे दोन खुर्च्या. एवढ्याशा जागेत एक कापड अंथरायचं, नव्या पुस्तकाचा गठ्ठा पुढे ठेवायचा, जुनी पुस्तकं मागे उभी करायची, हाताने लिहिलेला किमतीचा फलक लावायचा. चिल्लर ठेवायला एक डबा. येणारा माणूस आधी विचारतो, बघू का? मग उभ्याउभ्या चार पानं चाळतो. पुस्तक आवडलं तर ५०० किंवा १००० येन मोजून देतो, तेही शक्यतो सुट्टे. दहा हजारांची नोट पुढे करणं इथे अशिष्ट समजतात, कारण अर्ध्या टेबलाच्या मालकाकडे मोड कुठून येणार? ओळखीचा वाचक असेल तर जाताना बिस्किटांचा छोटा पुडा हातात ठेवून जातो. लेखक आणि वाचक यांच्यात मधला कोणीच नाही. पुस्तकाच्या जगात असं सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

शेवटच्या दिवशी अनेकदा समीक्षा आणि माहितीपर पुस्तकांची टेबलं असतात. खरं तर कोमिकेचा हा सगळ्यात वाचनीय कोपरा. रेल्वे, जुन्या इमारती, खाद्यपदार्थ, प्रवास, कुठल्या तरी बारीकशा विषयावर वर्षानुवर्षं जमवलेली टिपणं. प्रकाशक ज्या विषयाकडे ढुंकूनही बघणार नाही, त्यावर कोणीतरी नीट अनुक्रमणिका घालून साठ पानं काढलेली असतात.

यातून पैसे सुटतात का? बहुतेकांचे नाही. छपाई, टेबलाचं शुल्क आणि प्रवासखर्च धरला तर पुष्कळ सर्कल तोट्यातच असतात, तरी पुढच्या वेळी पुन्हा येतात. काहींचं मात्र नशीब याच टेबलांवर उघडलं. ‘कार्डकॅप्टर साकुरा’ काढणारा क्लॅम्प हा चार स्त्रियांचा गट दोजिन्शीच्या जगातूनच पुढे आला. टाइप-मून या हौशी मंडळींनी डिसेंबर २००० मध्ये ‘त्सुकिहिमे’ हा खेळ इथे विकायला ठेवला आणि पुढे त्यांच्याच ‘फेट’ मालिकेने जगभर चाहते मिळवले.

कायद्याच्या नजरेने हे सगळं नाजूक आहे. गाजलेल्या चित्रकथांमधली पात्रं घेऊन नव्या गोष्टी रचणं इथे सर्रास चालतं आणि मूळ हक्कदाराने तक्रार केली तर तो गुन्हा ठरू शकतो. पण हक्कदार सहसा तक्रार करत नाहीत. आजचा हौशी चित्रकार उद्या आपल्याच मासिकात लिहील, हे प्रकाशकांना ठाऊक असतं. अश्लीलतेचा प्रश्न मात्र एकदा चांगलाच भोवला. १९९१ मध्ये माकुहारी इथल्या प्रदर्शन केंद्राने याच कारणावरून जागा नाकारली आणि कोमिकेला जुन्या हारुमीच्या जागेत परतावं लागलं. तेव्हापासून नव्या पुस्तकांची तपासणी कडक झाली. सकाळी प्रत्येक सर्कल आपल्या नव्या पुस्तकाची एक प्रत स्वयंसेवकांकडे देतं, ती बघितली जाते आणि जपून ठेवली जाते. मेइजी विद्यापीठाने २००९ मध्ये योनेझावा यांच्या नावाने उघडलेल्या ग्रंथालयात अशा नमुना प्रती वाचायलाही मिळतात. पन्नास प्रती छापणाऱ्या माणसाचं पुस्तकही जपावं असं कोणाला तरी वाटलं, ही मोठीच गोष्ट आहे.

दुपारी चारला ध्वनिक्षेपकावरून मेळा संपल्याची घोषणा होते आणि साऱ्या दालनात टाळ्या सुरू होतात. व्यासपीठ नाही, पाहुणा नाही. माणसं एकमेकांसाठी टाळ्या वाजवत असतात. लगेच दुसरं काम सुरू होतं. उरलेली पुस्तकं खोक्यांत भरून कुरियरच्या रांगेत उभं राहायचं. वेशभूषा करून आलेल्यांनी कपडे बदलायचे, कारण त्या पोशाखात यायला-जायला बंदी आहे. ज्यांना घाई नाही ते टेबलं मिटायला आणि खुर्च्या रचायला लागतात. एक जण टेबल धरतो, दुसरा पाय दुमडतो, तिसरा ते उचलून थप्पीवर ठेवतो. त्यांतला कोण पुस्तक विकणारा आणि कोण घेणारा, हे ओळखता येत नाही.

त्या ३१ डिसेंबरला निरोप घेताना पुढची भेट मे महिन्यात होईल, असंच सगळे धरून चालले होते. ऑलिंपिकमुळे २०२०चं उन्हाळी कोमिके तेव्हा ठरलं होतं. कोरोनामुळे ते रद्द झालं आणि दालनं पुन्हा भरायला दोन वर्षं लागली. ३० आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी ९९वं कोमिके झालं, तेव्हा दिवसाला ५५ हजारांचीच मर्यादा होती. ऑगस्ट २०२२ मध्ये शंभरावं कोमिके झालं, त्याला दोन दिवसांत १ लाख ७० हजार जण आले.

अर्ज टेबलांपेक्षा जास्त येतात, त्यामुळे अर्धं टेबल कोणाला मिळणार हे सोडतीने ठरतं. पुढच्या मेळ्याच्या अर्जाचा संच त्याच दालनात विकायला असतो. ज्यांना ऑगस्टमध्ये परत यायचंय, ते शेवटच्या दिवशी घरी निघण्याआधी तो घेऊन ठेवतात.