टायर बदलताना नक्षीबरोबर वयही पाहा

मे महिन्यात चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, तेव्हा डांबरी रस्ता हवेपेक्षाही कितीतरी अधिक तापलेला असतो. टायरची खरी परीक्षा याच दिवसांत होते. तरीही तो कधी बदलावा, हे आपल्याकडे बहुधा केवळ नक्षी पाहून ठरवले जाते. हा निकष अपुरा आहे.

नियमानुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायर बाद समजावा. परंतु तालुक्याच्या गावातील अनेक मोटारी वर्षभरात फारसे अंतर कापत नाहीत. बाजार, शेत आणि लग्नसराई एवढाच त्यांचा प्रवास. नक्षी शाबूत राहते. रबर मात्र ऊन आणि हवेतील प्राणवायू यांमुळे कडक होत जाते व बाजूंवर बारीक भेगा पडतात. हीच मोटार कुटुंबाला घेऊन समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटर वेगाने धावू लागली, की धोका उभा राहतो. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने २०२३ मध्ये या महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायरची तपासणी सुरू केली आणि झिजलेल्या टायरची वाहने परत पाठवली.

वय ओळखणे सोपे आहे. टायरच्या बाजूवर, कधी आतील अंगास, चार अंक कोरलेले असतात. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी व दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असली तरी बदल, असा सर्वसाधारण संकेत आहे. खानदेशातील उन्हाचा विचार करता सहा-सात वर्षांपुढे जाऊ नये, हे बरे. दुकानातील ‘नवा’ टायरही दोन-तीन वर्षे पडून राहिलेला असू शकतो. पैसे देण्यापूर्वी हे अंक वाचावेत.

आकाराच्या अक्षरांकडेही लक्ष हवे. ‘१६५/८० आर १४ ८५ एस’ यातील ८५ हा भारांक एका टायरवर ५१५ किलोपर्यंतचा भार सांगतो, तर एस ताशी १८० किलोमीटरची वेगमर्यादा. मोटार उत्पादकाने सांगितलेल्यापेक्षा ही दोन्ही चिन्हे खालची नसावीत. आयएसआय मुद्रा असलीच पाहिजे. वापरलेले टायर स्वस्त मिळतात खरे, पण त्यांच्या आतील इजा बाहेरून दिसत नाही.

दोनच टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत. ओल्या रस्त्यावर मागील चाके घसरली, तर सामान्य चालकाला मोटार सावरणे कठीण जाते.

उन्हाळ्यात हवा कमी भरावी, हा आपल्याकडील समज तर घातकच. कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक वाकतो आणि म्हणून अधिक तापतो. चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिलेला दाब टायर थंड असताना, शक्यतो सकाळी, तपासावा. नायट्रोजनचा आग्रह धरण्याचे कारण नाही. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

चारही टायर बदलताना स्टेपनीचे अंक वाचून घ्यावेत. डिकीत पडून राहिल्याने ती कोरी दिसते, पण पुष्कळदा मोटारीतील सर्वांत जुना टायर तोच असतो.