केर्न्स : प्रवाळ, वर्षावन आणि व्हिनेगरची बाटली

ऑस्ट्रेलियाच्या नकाशात ईशान्येला जो निमुळता सुळका वर गेलेला दिसतो, त्याच्या पायथ्याशी, पूर्व किनाऱ्यावर केर्न्स हे शहर वसले आहे. तेथील मंडळी या नावातला 'र' जवळजवळ गिळूनच टाकतात, त्यामुळे विमानतळावरील घोषणा प्रथम ओळखूच येत नाही. डोंगरापलीकडच्या सोन्याच्या खाणींना बंदर हवे, म्हणून १८७६ साली हे गाव उभे राहिले आणि क्वीन्सलंडचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम केर्न्स यांचे नाव त्याला मिळाले. सोने मागे पडले, ऊस आला; उसाच्या पाठोपाठ पर्यटक आले. आज सुमारे दीड लाख वस्तीच्या या शहराच्या एका बाजूला ग्रेट बॅरियर रीफ ही प्रवाळांची अफाट रांग आहे, तर दुसऱ्या बाजूला वर्षावनाने झाकलेले डोंगर. पहिलीला जागतिक वारशाचा दर्जा १९८१ साली मिळाला, दुसऱ्याला १९८८ साली. असे दोन वारसे एकमेकांना खेटून असलेली जागा जगात विरळाच.

आपल्या मंडळातील अनेकांनी मुलांकडे जाण्याच्या निमित्ताने सिडनी-मेलबर्न पाहिले आहे. केर्न्सपर्यंत मात्र फार थोडे पोहोचतात. २०२४ च्या दिवाळीनंतर आम्हा उभयतांना तो योग आला. तेथील निसर्गसौंदर्याचे वर्णन माहितीपत्रकांतून पुष्कळ वाचावयास मिळते. प्रस्तुत लेखात भर आहे तो एका डॉक्टरच्या नजरेला तेथे जे दिसले त्यावर.

प्रथमच सांगावयास हवे की केर्न्स शहराला चौपाटी नाही. समुद्रासमोरच्या रस्त्यावर उभे राहिले की ओहोटीच्या वेळी दूरवर चिखलच चिखल दिसतो. त्यात बगळे, टिटव्या आणि सायबेरियाहून आलेले पाहुणे पक्षी टिपत असतात, आणि काठावर मगरींपासून सावध राहण्याची पाटी असते. पोहणाऱ्यांसाठी नगरपालिकेने २००३ मध्ये काठालाच खाऱ्या पाण्याचे एक प्रशस्त कृत्रिम सरोवर बांधले आहे, आणि तेथे संध्याकाळी सारे गाव लोटते. खऱ्या पुळणी उत्तरेला आहेत, ट्रिनिटी बीच आणि पाम कोव्हकडे. पांढुरकी वाळू, झुकलेले माड, निळे पाणी; आणि वाळूच्या कडेला एका खांबावर अडकवलेली व्हिनेगरची बाटली.

या बाटलीपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. तिच्यामागे वैद्यकाचा एक सुरस इतिहास आहे.

डॉ. ह्यूगो फ्लेकर हे मेलबर्नकडचे क्ष-किरणतज्ज्ञ १९३२ साली केर्न्सला येऊन स्थायिक झाले. दिवसा क्ष-किरण आणि उरलेल्या वेळी झाडे, किडे, विषारी प्राणी, असा त्यांचा दिनक्रम. त्याच वर्षी त्यांनी निसर्गप्रेमींची एक संस्थाही काढली. त्या किनाऱ्यावर पोहणारी माणसे कधीकधी किंचाळत बाहेर येत आणि काही मिनिटांत प्राण सोडत. अंगावर चाबकाचे फटके बसावेत तसे वळ उठलेले असत. दोष दिला जाई तो ब्लूबॉटल नावाच्या प्राण्याला. जानेवारी १९५५ मध्ये दक्षिणेकडील कार्डवेल या गावी पाच वर्षांचा एक मुलगा असाच दगावला. फ्लेकर यांनी पोलिसांना सांगून तो समुद्रभाग जाळ्यांनी पिंजून काढविला. त्यात एक अनोळखी, पेटीच्या आकाराची, जवळजवळ पारदर्शक जेलीफिश सापडली. ती त्यांनी ॲडलेडला डॉ. साउथकॉट यांच्याकडे पाठविली आणि त्यांनी तिचे नाव ठेवले 'कायरोनेक्स फ्लेकेराय'. ग्रीक भाषेतला हात आणि लॅटिनमधली हत्या मिळून हा शब्द झाला आहे. साठापर्यंत शुंडके, प्रत्येकाची लांबी तीन मीटरपर्यंत. दंश मोठा असेल तर हृदय दोन-पाच मिनिटांत थांबू शकते.

दुसरे कोडे याहून चमत्कारिक होते. काही रुग्णांच्या अंगावर वळ नसे, दंशाची जागा जेमतेम लालसर दिसे. परंतु अर्ध्या तासाने कंबर मोडल्यासारखी दुखू लागे, पोटात पेटके, उलट्या, घामाच्या धारा आणि रक्तदाब भयंकर चढलेला. सोबत एक विलक्षण लक्षण असे: आता आपण मरणार, अशी रुग्णाची बालंबाल खात्री झालेली असे. १९५२ साली फ्लेकर यांनी या लक्षणसमूहाला त्या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांच्या नावावरून 'इरुकांजी' हे नाव दिले. कारण मात्र सापडले नाही, आणि १९५७ मध्ये फ्लेकर गेले.

ते शोधले केर्न्सचेच एक डॉक्टर, जॅक बार्न्स यांनी. अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर १९६१ च्या डिसेंबरात त्यांच्या हाती बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी एक जेलीफिश लागली. गुन्हेगार हाच, हे सिद्ध कसे करणार? बार्न्स यांनी तिचा दंश स्वतःला करून घेतला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला केला आणि तेथील एका तरुण जीवरक्षकालाही केला. तिघेही वेदनांनी तळमळत रुग्णालयात दाखल झाले आणि सुदैवाने तिघेही बरे झाले. आजची कोणतीही एथिक्स कमिटी हा प्रस्ताव वाचून काय म्हणेल, याची कल्पना केलेली बरी! स्वतःवरचा प्रयोग मी समजू शकतो, मुलावरचा नाही. त्या जेलीफिशला पुढे 'कॅरुकिया बार्नेसाय' हे नाव मिळाले.

आता बाटलीकडे येऊ. दंशावर पूर्वी स्पिरिट लावीत. १९८० साली उत्तर क्वीन्सलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले की स्पिरिटने अंगाला चिकटलेल्या शुंडकांतील न फुटलेल्या दंशपेशी उलट फुटतात, तर साध्या व्हिनेगरने त्या निकामी होतात. व्हिनेगरने वेदना कमी होत नाहीत; आणखी विष शरीरात जाणे थांबते, इतकेच. फुटून गेलेल्या पेशींबाबत नंतर शंका घेतल्या गेल्या आहेत, तरी ऑस्ट्रेलियाच्या त्या उष्ण किनाऱ्यावरील प्रथमोपचार अजून तोच आहे. येथे आपल्यापैकी गोवा-मुंबईला जाणाऱ्यांसाठी एक सूचना करणे आवश्यक वाटते. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वाहून येते ती निळी ब्लूबॉटल. तिच्या दंशावर तेथील तज्ज्ञ व्हिनेगर सांगत नाहीत. शुंडके काढून, समुद्राच्याच पाण्याने धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, तो भाग वीस मिनिटे ठेवावा, असा त्यांचा सल्ला आहे.

नोव्हेंबर ते मे हा या जेलीफिशचा हंगाम. त्यामुळे प्रवाळ पाहावयास नेणाऱ्या बोटीवर आम्हाला डोक्यापासून घोट्यापर्यंत झाकणारा तंग पोशाख चढवावा लागला. सौ.ला माझे ते ध्यान पाहून हसू आवरेना. तिला तोच पोशाख घालायचा आहे हे कळेपर्यंत हा आनंद टिकला. दीड-दोन तासांच्या प्रवासानंतर बोट बाहेरच्या रांगेपाशी थांबली. ही रांग २,३०० किलोमीटर लांब असून संरक्षित क्षेत्र सुमारे ३ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर आहे; मध्य प्रदेश घ्या वा महाराष्ट्र, दोन्हींपेक्षा मोठे. पाण्यात डोके घातले की प्रथम आवाज येतो तो कुरकुर चावल्याचा. पोपटमासे आपल्या चोचीने प्रवाळ खरवडत असतात. हातभर रुंद शिंपला मखमली ओठ मिटताना दिसतो. रंग मात्र छायाचित्रांतल्यापेक्षा मवाळ होते, आणि मधूनमधून राखाडी, शेवाळलेले पट्टे होते.

प्रवाळाचा जीव स्वतःच्या बळावर जगत नाही. त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशापासून अन्न तयार करते; त्याच्या ऊर्जेचा बराच मोठा भाग त्यातूनच येतो, आणि रंगही. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर अधिक तापून आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा पडला म्हणजे मेला असे नव्हे. आपल्या भाषेत सांगायचे तर हा इस्केमिया, इन्फार्क्ट नव्हे. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो. प्रश्न वेळेचा आहे. अशी व्यापक विरंजने १९९८ आणि २००२ मध्ये झाली. त्यानंतर २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ मध्ये. एकट्या २०१६ मध्ये सुमारे ३० टक्के प्रवाळ नष्ट झाला. मधल्या काळात तो जोमाने वाढला हेही खरे. २०२२ च्या पाहणीत उत्तर व मध्य भागातील आच्छादन ३६ वर्षांतील सर्वाधिक भरले होते. पण ती वाढ बहुतांशी झपाट्याने वाढणाऱ्या आणि तितक्याच झपाट्याने मरणाऱ्या जातींची होती, आणि २०२५ च्या पाहणीत पुन्हा मोठी घट आढळली. वारंवार झटका येणाऱ्या रुग्णाचे दोन झटक्यांमधले ईसीजी पाहून कोणी निर्धास्त होत नाही.

वर्षावनाकडे जाणारी कुरांडाची रेल्वे १८८६ ते १८९१ या काळात डोंगर पोखरून बांधली गेली. १५ बोगदे, दरीवरचे वळणदार पूल आणि बॅरन नदीचा धबधबा. आपल्या इंदूरकरांना पाताळपाणी-कालाकुंडची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. या वनात एक झाड आहे, त्याला जिंपी-जिंपी म्हणतात. पाने हृदयाच्या आकाराची, मऊ लव असलेली, हात लावावासा वाटेल अशी. ती लव म्हणजे काचेसारख्या सिलिकाच्या पोकळ सुया. आपली खाजकुइली यापुढे सौम्य म्हणावी. येथे वेदना कधीकधी महिनोन्‌महिने रेंगाळते. २०२० मध्ये क्वीन्सलंड विद्यापीठातील संशोधकांना या विषात कोळ्यांच्या व शंखगोगलगाईंच्या विषाशी रचनेत साम्य असणारी प्रथिने सापडली. ती मज्जातंतूंच्या सोडियम मार्गिकांवर परिणाम करतात. प्रथमोपचार मोठा घरगुती आहे: केस काढण्याच्या मेणाच्या पट्टीने सुया ओढून काढणे.

शहराच्या दक्षिणेला, उसाच्या शेतांत, गॉर्डनव्हेल नावाचे छोटे गाव आहे. पर्यटक तेथे थांबत नाहीत, मी मुद्दाम थांबलो. उसाच्या मुळांवरील भुंगेऱ्यांच्या अळ्यांचा नाश व्हावा म्हणून १९३५ साली हवाईहून आणलेल्या मोठ्या बेडकांची पैदास करून ती याच परिसरात सोडली गेली. भुंगेरे उसाच्या शेंड्याला, अळ्या जमिनीत, बेडूक मधे! ऊस वाचला नाही. विषारी बेडूक मात्र कोट्यवधींच्या संख्येने खंडभर पसरले आणि त्यांना खाऊन तेथील प्राणी मरू लागले.

त्याच गॉर्डनव्हेलमध्ये आणि केर्न्सजवळच्या यॉर्कीज नॉब या वस्तीत जानेवारी २०११ मध्ये पुन्हा एक जीव सोडण्यात आला, आणि तोही डास! २००८-०९ मध्ये केर्न्स परिसरात डेंग्यूची मोठी साथ येऊन गेली होती. प्रा. स्कॉट ओनील यांच्या गटाने फळमाशीतील वोल्बाकिया हा जीवाणू एडिस इजिप्तीच्या अंड्यांत टोचून रुजविला. हा जीवाणू असलेल्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. शिवाय असा नर साध्या मादीशी जुळला तर अंडी उबत नाहीत, आणि अशी मादी मात्र जीवाणू पुढच्या पिढीला देते. त्यामुळे काही महिन्यांत सारी वस्ती त्याच डासांची होते. बेडकांची आठवण ताजी असलेल्या गावाला हे पटविणे सोपे नव्हते. संशोधक घरोघर गेले, सभा घेतल्या, शंका ऐकल्या, आणि लोकांची संमती मिळाल्यावरच डास सोडले. आता त्या भागात प्रवाशांबरोबर डेंग्यू येतो, पण स्थानिक प्रसार जवळजवळ थांबला आहे. इंडोनेशियातील योग्याकार्ता येथील चाचणीत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुदुच्चेरीच्या वेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरनेही असे डास तयार केल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले आहे.

गॉर्डनव्हेलच्या एका घराच्या ओसरीवर वयस्क गृहस्थ बसले होते. मी भारतातला डॉक्टर, डासांविषयी विचारतोय, हे कळल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली आणि आपल्याही अंगणात डासांचे डबे ठेवले होते, हे अभिमानाने सांगितले. मग त्यांनी मला विचारले, "तुमच्याकडे पावसाळ्यात किती रुग्ण येतात?" मी प्लेटलेटसाठी रात्री-अपरात्री रक्तपेढीकडे धावणाऱ्या नातेवाइकांविषयी सांगू लागलो, आणि आमच्या गप्पा चांगल्याच लांबल्या.