ठिपके गेले म्हणजे रोग गेला नाही

खाऱ्या पाण्यातला मासा दुकानातून आणला की थेट शोभेच्या टाकीत सोडायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे पैदास केंद्रातले असतात, समुद्री मासे मात्र अजूनही बहुतांशी प्रवाळांवरूनच पकडून आणतात. पकडणारा, व्यापारी, विमान, दुकान असा प्रवास करताना त्यांना वाटेतल्या प्रत्येक टाकीचं पाणी लागतं आणि त्या पाण्यातला रोगही.

सध्या क्वारंटाईनमध्ये एक पावडर ब्लू टँग आहे. निळंशार अंग, काळं तोंड, पाठीवर पिवळा पर. हिंदी महासागरातला हा देखणा मासा ‘इच’ला, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला, फार लवकर बळी पडतो. त्याच्या टाकीत वाळू नाही आणि दगडही नाहीत, कारण ते औषध शोषून घेतात. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आहेत, बाकी स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप, बस्स.

सकाळी टाकीचा दिवा लावण्याआधी मी टॉर्च आडवा धरून त्याचे पर बघतो. पारदर्शक परांवर मिठाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके दिसले, की इचचा क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी त्वचेत शिरून पोट भरतोय असं समजायचं. तिथे औषध म्हणून पाण्यात घातलेलं तांबं त्याच्यापर्यंत पोचत नाही. तीन ते सात दिवसांनी तो माशाचं अंग सोडतो आणि तळाला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचापुढेही तांब्याचं काही चालत नाही. आत तो विभागत राहतो आणि कवच फुटलं की त्यातून शेकड्यांनी पिल्लं पोहत बाहेर पडतात, तीही बहुधा अंधारात, मासा पाइपात निजलेला असताना. दिवसभरात मासा सापडला नाही तर ती मरतात. तांब्याला सापडतात ती फक्त ही पोहणारी पिल्लं.

म्हणजे उपचार असतो तो पाण्यावर. अंगावरचे ठिपके गेले की मासा बरा झाला असं वाटतं, पण नेमकं त्याच वेळी तळाशी कवचं तयार होत असतात. याच टप्प्यावर औषध थांबवल्यामुळे किती मासे जातात, हे बघून जीव तुटतो.

द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद वापरतात, त्यातलंच हे तांबं. माशांसाठी मी त्याचं चिलेटेड रूप वापरतो, लिटरला 2 ते 2.5 मिलिग्रॅम. कमी पडलं तर परजीवी तगतो, जास्त झालं तर मासा खाणं सोडतो. म्हणून मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवायची आणि रोज मोजायची. थेंबांच्या किटमधल्या रंगछटांवर माझा भरवसा नाही. मी डिजिटल मीटरच वापरतो: कुपीत पाणी घ्यायचं, पूड टाकून हलवायचं, आकडा वाचायचा. अमोनिया वाढला की पाणी बदलावं लागतं, आणि नव्या पाण्यात आधीच तेवढंच तांबं मिसळून ठेवावं लागतं. अमोनिया बांधणारी औषधं तांब्याबरोबर चालत नाहीत, त्यानं तांबं विषारी होऊ शकतं. खरा अंदाज मात्र नोरीवरून, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळावरून येतो. क्लिपला लावलेला तुकडा टँगनं येऊन ओरबाडला, की मी निर्धास्त.

प्रत्येक रोगाला तांबंच, असं मात्र नाही. क्लाउनफिशच्या अंगावरून शेंबडासारखा थर सुटत असेल तर तो ब्रुकलिनेला हा रोग. त्याला तांबं लागू पडत नाही, फॉर्मालिन लागतं. फॉर्मालिन पाण्यातला प्राणवायू ओढतं, म्हणून हवा जोरात सोडायची. मासा धापा टाकत पंपाच्या झोतात उभा राहिला, उजेड टाळू लागला आणि अंगावर बारीक पिवळसर धूळ दिसली, तर तो व्हेल्वेट हा रोग. इथे वाट बघण्यात अर्थ नाही, तो कल्ल्यांत भरतो आणि मासा दोन-चार दिवसांतच जातो. इचसाठी क्षारता 1.009 घनतेपर्यंत उतरवण्याचा उपाय चालतो, व्हेल्वेटला तेवढ्यानं फरक पडत नाही. शिवाय त्याची पिल्लं पाण्याच्या तुषारांतूनही शेजारच्या टाकीत जातात. माझी क्वारंटाईन टाकी वेगळ्या खोलीत आहे ती म्हणूनच. तिची जाळी, बादली आणि टॉवेलही वेगळे.

इच मुख्य टाकीत शिरलाच तर सगळे मासे काढून ती 76 दिवस रिकामी ठेवावी लागते, कारण कवचं 72 दिवसांनीही फुटल्याची नोंद आहे. त्या मानानं टँगचे तांब्यातले 30 दिवस काहीच नाहीत. ते झाले की कार्बन लावून तांबं काढायचं आणि पुढचे दोन आठवडे औषधाविना नुसतं बघायचं. त्यात एक जरी ठिपका दिसला, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.