तलाकनंतर घर कोणाचे?

तलाक झाला की आपल्या मोहल्ल्यांत बहुधा एकच चित्र दिसते. माहेरून भाऊ येतात, मुलगी दोन पिशव्या घेऊन रिक्षात बसते आणि मागे दार लागते. इद्दत ती माहेरी काढते. जिने भिशीचे पैसे घालून हप्ते फेडले, दागिने मोडून वरचा मजला चढवला, तिच्या वाट्याला त्या घरातले काय येते, हे कोणी विचारत नाही. जमातीच्या बैठकीत मेहर, दागिने आणि मुले यांवर बोलणे होते. घराचा विषय निघाला की उत्तर ठरलेले असते : "घर तर सासऱ्यांच्या नावावर आहे."

ही रीत दीनची आहे असे आपण समजून बसलो आहोत. पण सूरह तलाकची पहिलीच आयत इद्दतीच्या काळात स्त्रियांना घराबाहेर काढण्यास मनाई करते. उघड दुराचार एवढाच अपवाद. विशेष म्हणजे, त्या घराला ती 'त्यांचे घर' म्हणते. याच सूरहच्या सहाव्या आयतीत पुरुषाला सांगितले आहे की, ऐपतीप्रमाणे तिला राहायला जागा द्या आणि छळून तिचे जगणे कठीण करू नका.

इद्दतीनंतर प्रश्न मालकीचा येतो. शरीअतमध्ये पती-पत्नीची मिळकत वेगवेगळी असते. पत्नीची कमाई तिचीच राहते, तसेच पतीचे घर निकाहमुळे निम्मे पत्नीचे होत नाही. आपल्या देशाच्या कायद्यातही घराची आपोआप वाटणी होत नाही. कागदावर ज्याचे नाव, तोच मालक धरला जातो. पैसे घालूनही जिचे नाव नाही तिला पुरावे शोधत फिरावे लागते.

तरीही ती अगदीच निराधार नसते. 1986 च्या कायद्याप्रमाणे मेहर आणि लग्नात व नंतर मिळालेल्या वस्तू तिला परत मिळाल्या पाहिजेत. 2001 साली डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पतीने इद्दतीच्या मुदतीतच तिच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद करावी. त्यात निवाराही येतो. 2005 च्या घरगुती हिंसाविरोधी कायद्याने छळ सोसणाऱ्या पत्नीला, नाव कागदावर नसले तरी, सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी तेवढ्यावरून हा हक्क नाकारता येत नाही, असे न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नव्हे.

म्हणून आमचे सांगणे आहे की, घराचा निर्णय गोडीगुलाबीच्या दिवसांतच करा. दोघांचे पैसे लागत असतील तर खरेदीखतावर दोघांची नावे घाला आणि रक्कम बँकेमार्फतच द्या. घर किंवा त्याचा हिस्सा मेहर म्हणून ठरला असेल तर निकाहनाम्यात स्पष्ट लिहा. पतीला घर पत्नीला द्यायचे असेल तर हिबा करावा : देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे, या तिन्ही गोष्टी पूर्ण कराव्यात. तोंडी हिबाही ग्राह्य असतो, पण नोंदणी केलेला कागद पुढचा वाद टाळतो. घर दोघांच्या नावावर असून विभक्त व्हायची वेळ आलीच, तर बाजारभाव काढून एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यावा, नाहीतर घर विकून हिश्श्याप्रमाणे पैसे वाटून घ्यावेत.

मुलीचे लग्न ठरवताना आपण मुलाच्या घरात खोल्या किती, हे पाहतो. ते घर कोणाच्या नावावर आहे, हेही त्याच बैठकीत विचारायला लाजू नका.